शहराच्या पोटातली जत्रा

युरोपातलं एखादं शहर चार-पाच दिवसांत बघायचं आणि त्याच फेरीत मुलांना एखाद्या थीम पार्कमध्येही न्यायचं, हा बेत आता आपल्याकडच्या साध्या घरांतही शिजू लागला आहे. पूर्वी युरोप म्हटलं की पर्यटन कंपनीची बस आणि पंधरा दिवसांत सात-आठ देश. आता कुणाचा मुलगा जर्मनीत असतो, कुणाची लेक हॉलंडमध्ये. आईवडील तिकडं जातात, मुलांना कशीबशी चार दिवसांची रजा मिळते, आणि मग घरात बैठक बसते. या चार दिवसांत म्हाताऱ्यांनी वस्तुसंग्रहालयं बघायची, की नातवंडांनी पाळण्यात बसायचं?

बहुतेक घरांत हा तंटा दिवस वाटून मिटवतात. दोन दिवस मोठ्यांचे, एक दिवस मुलांचा. मोठ्यांच्या दिवशी मुलं पाय आपटतात, मुलांच्या दिवशी मोठी माणसं सावलीतलं बाक शोधतात, आणि चौथ्या दिवशी सगळे सारखेच दमलेले असतात. ही वाटणी टाळता येते, एवढंच मला आज सांगायचं आहे. मात्र त्यासाठी पार्क किती मोठं, त्यात झोके किती, हे विचारून भागत नाही. ते शहरापासून कुठं आहे, हे आधी विचारावं लागतं.

माझा मुलगा नोकरीनिमित्त स्वीडनमधल्या माल्मो इथं राहतो. २०२३ च्या जूनमध्ये मी आणि माझी बायको त्याच्याकडं गेलो. बायकोनं नातीला तीन वर्षांत फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. नात सात वर्षांची. माल्मोहून समुद्र ओलांडला की डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. २००० साली दोन्ही देशांना जोडणारा पूल झाला, तेव्हापासून रेल्वेनं पाऊण तासही लागत नाही. मुलाला रजा चारच दिवसांची. तो म्हणाला, ''अब्बा, हिला लेगोलँड पाहिजे. अम्मीचा गुडघा तुम्हाला माहीत आहे. काय करायचं ते तुम्हीच ठरवा.''

लेगोलँड डेन्मार्कमध्येच आहे, हे खरं. प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या त्या खेळण्याचं जन्मगाव बिलुंड, तिथं १९६८ साली ते सुरू झालं. पण बिलुंड कोपनहेगनपासून अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर. गावाला रेल्वे स्टेशन नाही. वायले नावाच्या गावापर्यंत रेल्वेनं जायचं आणि पुढं बस. मोटारीनं गेलं तर वाटेतल्या मोठ्या पुलाचा टोल वेगळा. जायला तीन तास, यायला तीन तास, म्हणजे मुक्काम करणं आलं. चारातले दोन दिवस तिथंच संपले. ज्या बाईला नातीजवळ बसायचं आहे तिनं मोटारीच्या मागच्या सीटवर गुडघा चोळत बसायचं, हे काही मला पटेना.

पॅरिसचंही तसंच. आपल्याकडच्या लोकांना ठाऊक असलेलं युरोपातलं थीम पार्क म्हणजे पॅरिसचं डिस्नेलँड. १९९२ साली ते उघडलं, पण पॅरिसमध्ये नव्हे. शहराच्या पूर्वेला बत्तीस किलोमीटरवर, शेतजमिनीत नवं नगर वसवून ते उभारलं. लोकलगाडी थेट दारात जाते, चाळीसेक मिनिटांत पोचवते, व्यवस्था चोख आहे. तरीही तिकीट दिवसाचं आणि किंमत दिवसाची, म्हणून माणूस सकाळी दार उघडताना जातो आणि रात्री अंग मोडून परततो. त्या दिवशी पॅरिस नसतं. त्यात वाईट काही नाही. पण ती दोन गावं, दोन वेगळे प्रवास, हे हिशेबात धरलं पाहिजे.

कोपनहेगनची गोष्ट निराळी आहे. रेल्वेच्या मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडं टिवोली नावाची बाग. एका अंगाला स्टेशन, दुसऱ्या अंगाला नगरपालिकेची मोठी इमारत. आपल्याकडं सीएसएमटीसमोर महापालिका आहे; या दोहोंच्या मधोमध पाळणे, कारंजी, नाटकघर, तळं आणि फुलांचे ताटवे असलेली आठ हेक्टरांची बाग कल्पून बघा. इतक्या मोक्याच्या जागी जत्रा कशी काय राहिली, असा प्रश्न पडतोच. त्याचं उत्तर इतिहासात आहे.

१८४३ साली कोपनहेगन तटबंदीच्या आतलं शहर होतं. तट, खंदक, वेशी, आपल्याकडच्या जुन्या गावांसारखंच. जॉर्ज कार्स्टेनसेन नावाच्या तिशीतल्या माणसानं राजा आठव्या ख्रिश्चनकडून पश्चिम वेशीबाहेरची मोकळी जमीन भाड्यानं मिळवली. लोक करमणुकीत रमले की त्यांना राजकारण सुचत नाही, असं त्यानं राजाला पटवलं, असं सांगतात. युरोपभर राजेशाहीविरुद्ध कुजबुज चालू होती, तेव्हा राजाला ते पटलं असणारच. १५ ऑगस्ट १८४३ रोजी बाग उघडली. हा कार्स्टेनसेन डेन्मार्कच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा मुलगा, जन्मला अल्जिअर्समध्ये. मिनार, कमानी, घुमट यांचं वेड तिथूनच त्याच्या डोक्यात शिरलं असावं, असं मला आपलं वाटतं. कारण त्याच्या मृत्यूनंतर, १८५७ साली, त्याच्या कल्पनेतली जी दुसरी बाग कोपनहेगनजवळ उघडली तिचं नाव होतं अलहंब्रा. टिवोलीतून मात्र तो पाच-सहा वर्षांतच संचालकांशी बिनसून बाहेर पडला होता. पुढं न्यूयॉर्कच्या काचमहालाच्या रचनेत त्याचा हात होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

बाग तेव्हा गावाबाहेर होती. नंतर तट पाडले, वेशी गेल्या, शहर पसरलं आणि त्यानं बागेला वेढून टाकलं. नगरपालिकेची इमारत १९०५ सालची, आजचं स्टेशन १९११ सालचं. म्हणजे बाग आधी आणि तिच्या आजूबाजूचं सगळं नंतर. बागेतलं तळं हा जुन्या खंदकाचाच उरलेला तुकडा आहे. गावाबाहेरच्या जत्रेभोवती गाव वाढलं आणि जत्रा आपल्या जागेवर राहिली, असं हे प्रकरण. आमच्या मिरजेत दर्ग्याचा उरूस गावातच भरतो. भाजी आणायला निघालेला माणूसही पाळण्याखालून जातो. त्यामुळं टिवोली मला परकी वाटली नाही.

१९५१ साली वॉल्ट डिस्ने इथं येऊन गेले. स्वच्छता, बाकं, दिवे, फुलझाडं यांची टिपणं त्यांनी घेतली आणि चार वर्षांनी कॅलिफोर्नियात त्यांचं पहिलं डिस्नेलँड उघडलं. वस्तू नेल्या, जागा मात्र नेता आली नाही. शहराच्या मधोमध असण्याचा गुण टिपणवहीत मावत नाही.

हा गुण म्हणजे काय, ते व्यवहारात बघू. आमचे चार दिवस असे बसवले. सकाळी शहर, दुपारी खोलीवर विश्रांती, संध्याकाळी टिवोली. पार्कसाठी वेगळा दिवस काढला नाही. पहिली संध्याकाळ सगळ्यांची. दुसऱ्या संध्याकाळी मुलगा आणि नात दोघंच गेले, आम्ही दोघं कालव्याकाठी बसलो. तिसऱ्या दिवशी पाऊस, म्हणून गेलोच नाही. बाग दहा मिनिटांवर असली की न जाण्याचीही मुभा असते. बत्तीस किलोमीटरवरच्या, महाग तिकिटाच्या पार्कला पावसातही जावंच लागतं.

तिकिटाची रचनाही यात मदतीची आहे. टिवोलीत आत जाण्याचं तिकीट वेगळं आणि पाळण्यांचं वेगळं. आजी-आजोबांनी नुसतं प्रवेशाचं घ्यावं, मुलानं पाळण्यांचा दिवसभराचा पास घ्यावा. बहुतेक मोठ्या पार्कांत एकच तिकीट असतं आणि बाकावर बसणाऱ्या आजीलाही आकाशात भिरभिरणाऱ्या नातवाइतकेच पैसे पडतात. डेन्मार्क महाग देश आहे, चलन क्रोनर, युरो नव्हे. तिथं हा फरक खिशाला चांगलाच जाणवतो. आपला डबा नेऊन खायची मुभा आहे. माझ्या बायकोनं माल्मोहून पराठे आणले होते.

आत काय आहे? १९१४ सालची लाकडी रेल आहे, तिच्या प्रत्येक गाडीत एक माणूस ब्रेक धरून बसलेला असतो. उतार आला की यंत्र नव्हे, तो माणूस गाडी आवरतो. बैलगाडी चालवणाऱ्याला उताराची जशी जाण असते तसं ते काम. मुलगा म्हणाला की नव्या रेलपेक्षा हिची भीती जास्त वाटते, कारण दुसऱ्या माणसाच्या हातावर भरवसा ठेवायचा असतो. २००६ साली आलेला ऐंशी मीटर उंचीचा साखळ्यांचा पाळणा आहे. त्यात बसलं की सगळं शहर पायाखाली, असं नात सांगत आली. मी खालूनच सलाम केला. आजी आणि नात दोघींना मिळून बसता येईल असंही एक आहे. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या परीकथांच्या देखाव्यांमधून उडत्या पेटीत बसून संथ फिरायचं. अँडरसन इथलाच. बाग उघडली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टिवोलीतून आल्यावर त्यानं बुलबुलाची गोष्ट लिहायला घेतली, तशी नोंद त्याच्या दैनंदिनीत आहे. चीनच्या बादशहाची ती गोष्ट. बागेतल्या चिनी थाटाच्या सजावटीनं ती सुचली असं मानतात. नगरपालिकेशेजारी त्याचा बसलेला पुतळा आहे, त्याची नजर टिवोलीकडं आहे.

माझ्या बायकोला सगळ्यात आवडलं ते मूकनाट्य. १८७४ सालचं उघडं नाटकघर आहे, त्याचा पडदा म्हणजे पिसारा फुलवलेला मोर. पिसारा मिटतो आणि रंगमंच दिसतो. पांढऱ्या कपड्यांतला, पांढऱ्या तोंडाचा विदूषक, त्याचा खोडकर प्रतिस्पर्धी, एक मुलगी आणि तिचा म्हातारा बाप. ही जुनी इटालियन सोंगं आहेत. शब्द एकही नाही. डॅनिश, इंग्रजी, मराठी, काहीच लागत नाही. नात स्वीडिश शाळेत शिकते, आजीशी बोलताना तिचे शब्द अडखळतात. त्या अर्ध्या तासात दोघी एकाच वेळी हसत होत्या. आपल्या तमाशातला सोंगाड्या बोलून हसवतो, हा पडून, उठून, पुन्हा पडून.

पण या बागेचं खरं रूप अंधारात आहे. रंगीत काचा, कंदील, इमारतींच्या कडांवर ओळीनं लावलेले बारीक दिवे. १९०९ सालची निम्ब नावाची इमारत आहे, घुमट आणि महिरपींची. तिच्या रेषा दिव्यांनी उजळल्या की उरुसातला दर्गाच समोर आल्यासारखं वाटतं. इथं वेळेचं गणित मात्र नीट मांडावं लागतं. कोपनहेगन इतकं उत्तरेला आहे, की जूनच्या अखेरीला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. मगरिबची वेळच दहाला, म्हणजे दिवे डोळ्यांत भरायला साडेदहा-अकरा वाजतात. बाग उशिरापर्यंत उघडी असते, पण सात वर्षांचं मूल तोवर खांद्यावर झोपलेलं असतं. दिवे बघायचे असतील तर सप्टेंबर बरा, नाहीतर ऑक्टोबर किंवा डिसेंबरचे खास हंगाम. उन्हाळ्यातच जायचं असेल तर दुपारची झोप सगळ्यांना सक्तीची करावी. मधल्या काही आठवड्यांत बाग बंद असते, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी तारखा बघून घ्याव्यात.

उन्हाळ्यातल्या त्या लांब संध्याकाळींची इथल्या लोकांना किती असोशी आहे, ते १९४४ साली दिसलं. डेन्मार्क तेव्हा नाझींच्या ताब्यात होता. जूनमध्ये भूमिगतांनी कारखान्यांत घातपात केले, त्याचा सूड म्हणून नाझींच्या डॅनिश हस्तकांनी टिवोलीत स्फोट घडवले. गाण्याची मोठी सभागृहं जळाली. जर्मनांनी रात्री आठपासून संचारबंदी लावली. तेव्हा गोदीतले कामगार दुपारीच काम सोडून घरी निघाले. कारण सांगितलं, संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, तर बागेला पाणी कधी घालणार? त्यातून सगळ्या शहराचा संप उभा राहिला आणि संचारबंदी सैल करावी लागली. टिवोली काही आठवड्यांत पुन्हा उघडली. सध्याचं संगीत सभागृह १९५६ सालचं आहे. राजकारण विसरायला लावण्यासाठी जागा देणाऱ्या त्या राजाला हे बघायला मिळायला हवं होतं.

आता सकाळच्या शहराबद्दल. बंदरातल्या जलपरीच्या पुतळ्यासाठी मुद्दाम वाकडी वाट करू नये, असं माझं मत आहे. सव्वा मीटरची ती मूर्ती आणि तिच्याभोवती शंभर माणसं. त्यापेक्षा गोल बुरूज बघावा. चौथ्या ख्रिश्चन राजानं वेधशाळेसाठी बांधलेला, १६४२ साली पुरा झालेला. आत जवळजवळ पायऱ्याच नाहीत. विटांचा चढ साडेसात फेरे घेत वर जातो. रशियाचा पीटर द ग्रेट १७१६ साली घोड्यावर बसून वर गेला होता. जिना चढू न शकणारी माझी बायको नातीचा हात धरून, थांबत थांबत, जवळजवळ माथ्यापर्यंत आली. शेवटच्या थोड्या पायऱ्या तिनं सोडल्या. दुखऱ्या गुडघ्यांसाठी बांधलेली इतकी उंच इमारत मी दुसरी पाहिली नाही.

तिथून थोडं चालत गेलं की डेव्हिड संग्रह. एका वकिलानं आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय, प्रवेश फुकट. स्पेनपासून हिंदुस्थानपर्यंतची इस्लामी कला तिथं आहे. त्यात दख्खनच्या सुलतानांच्या काळातली चित्रंही आहेत. बी.ए.ला असताना आम्हाला डेन्मार्क भेटलं ते तरंगंबाडीच्या वखारीपुरतं. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचं ते ठाणं डॅनिश लोकांनी १८४५ साली इंग्रजांना विकलं. आणि इथं, बाल्टिकच्या तोंडाशी, विजापूरच्या बाजूची चित्रं. मिरजेहून विजापूर किती जवळ! मी तासभर तिथंच होतो. मुलगा नातीला घेऊन समोरच्या राजउद्यानात खेळत होता. हेही जमलं ते अंतरं लहान होती म्हणूनच.

खाण्याचं थोडक्यात. डुकराचं मांस डॅनिश जेवणात पुष्कळ असतं, तेव्हा विचारूनच घ्यावं. मासे भरपूर मिळतात, आणि स्टेशनच्या मागच्या वेस्टरब्रो भागात कबाबची दुकानं आहेत. शाकाहारी माणसाचीही आता फार अडचण होत नाही.

आमच्यासारखे दोन देशांमध्ये ये-जा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की स्वीडन आणि डेन्मार्क दोन्ही शेंगेन करारातले देश आहेत, व्हिसा एकच लागतो, आणि जिथं मुक्काम जास्त त्या देशाकडून तो घ्यायचा असतो. तरीही रेल्वेत पासपोर्ट जवळ ठेवावा, तपासणी होते.

कोपनहेगनसारखी सोय आणखीही काही शहरांत आहे. व्हिएन्नात प्राटर, तिथला १८९७ सालचा उंच पाळणा शहराच्या मेट्रोवरून दिसतो. स्टॉकहोममध्ये ग्रोना लुंड, तिथं शहरातून बोटीनं जाता येतं. स्वीडनमध्येच गोथेनबर्गचं लिसेबर्ग आहे, ट्रामच्या रस्त्यावर. ही सगळी जुनी आहेत, शहरं लहान होती तेव्हाची. नवी पार्कं जमीन स्वस्त तिथं, म्हणजे दूर, बांधली जातात. म्हणून पार्कचं नाव ऐकलं की मी आधी ते कुठल्या साली सुरू झालं ते विचारतो. जितकं जुनं, तितकं स्टेशनच्या जवळ निघण्याचा संभव.

चौथा दिवस आम्ही नातीवर सोपवला होता. शहराच्या उत्तरेला दहा किलोमीटरवर, लोकलच्या शेवटच्या क्लाम्पेनबोर्ग स्टेशनजवळ बाकेन म्हणून आणखी एक पार्क आहे, टिवोलीहूनही जुनं. १५८३ साली त्या रानात गोड्या पाण्याचा झरा सापडला, लोक पाण्यासाठी येऊ लागले, त्यांच्यामागून विकणारे आणि खेळ करणारे आले. जत्रा अशाच जन्मतात. त्याच्याभोवती राजांचं शिकारीचं रान आहे, २०१५ सालापासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथं हरणं मोकळी फिरतात. नातीनं आधी हरणं, मग पाळणे, असं ठरवलं. रानातल्या सपाट वाटेवर आजी तिच्याबरोबर चालली आणि पाळण्यांपर्यंत पोचायला त्या दोघींना दुपारचे तीन वाजले. लेगोलँडचा विषय तिनं परतीच्या गाडीत पुन्हा काढला. पुढच्या वेळी, असं तिच्या बापानं सांगितलं आहे.